मोर्णेच्या पुरात फुटलेली सुपारी

उद्या दर्यापूरची मंडळी आपल्या सुमीची सुपारी फोडायला येणार आहेत. तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. तुमच्या दादांनी तेराव्यालाच विषय काढला. बाप गेल्यावर वर्षाच्या आत कन्यादान उरकलं तर बरं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणाले. पंगत अजून उठायची होती. मी दाराआडून मान हलवली. आत येऊन चुलीपुढे बसले तेव्हा ध्यानात आलं, की आपण हलवली ती मान होकाराची होती. वीस वर्षांची सवय, दुसरं काय!

सुमी बोलत नाही. नागपूरच्या डॉक्टरकीच्या शाळेतून जागा मिळाल्याचा कागद आला तो तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी. घर रडत होतं आणि ती तो कागद पोलक्यात खोचून रडत होती. काल दादांच्या खोलीकडे बघत एवढंच म्हणाली, "आई, तू सांग ना मोठ्या बाबांले." मी म्हटलं, "पाहू." पाहू म्हणजे काय ते तिला कळतं. माझीच पोरगी.

म्हणून तुम्हाला लिहायला बसले. दुसऱ्या कोणाला लिहू? माझी चौथी झालेली, तीही अडखळत. तुम्हीच मला समोर बसवून पानंच्या पानं लिहून घेतलीत, तर आता भोगा. लढाईपायी रॉकेल मिळत नाही, तेव्हा उजेड आहे तोवर लिहिते. तोंडात 'मले' येतं आणि कागदावर 'मला' उतरतं, हीही तुमचीच करणी.

एका गोष्टीत मी तुमच्याशी खोटं बोलले. एकदा नाही, जन्मभर. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला उद्या सुमीच्या तोंडाकडे पाहता येणार नाही.

तुम्हाला त्या शनिवारचं सांगायला फार आवडायचं, म्हणून तिथून धरते. एडिंबऱ्याहून लांब सुट्टीला आलेले तुम्ही तिघं. तुम्ही शेतकीचं शिकत होतात, एक वर्ष राहिलं होतं. घोषबाबू कलकत्त्याचे, इंजिनेरी शिकणारे. आणि तुमचा तो जानसाहेब, लाल केसांचा, हिंदुस्थान बघायला म्हणून घोषबाबूंबरोबर कलकत्त्याला जाऊन आलेला. परत जाताना दोघं बडनेऱ्याला उतरले. शनिवारी अमरावती, रविवारी अकोला, सोमवारी अकोल्याहून मेलनं मुंबई, आणि मग तिघं एकाच बोटीनं विलायत. असा तुमचा बेत होता.

श्रावण संपत आला होता आणि आभाळ फाटलं होतं. टांग्यात बसून तुम्ही त्यांना परकोट दाखवलात, म्हणजे परकोटाचे चार ओले दगड दाखवलेत. वडाळीचा तलाव तर दिसलाच नाही, नुसतं पांढरं पांढरं. अंबादेवीच्या देवळाबाहेर जानसाहेबानं बूट काढले आणि चिखलात असा काही बसला, की देवीचं दर्शन सोडून लोक त्याचंच घ्यायला लागले. घरी जेवताना घोषबाबू दर पानाला विचारायचे, "मछली नहीं?" आणि तुमच्या माळकरी आई कानावर हात ठेवून देवघरात पळायच्या. ठेच्याला चटणी समजून जानसाहेबानं बोटभर खाल्ला, आणि मग पाणी, ताक, गूळ, पुन्हा पाणी. हे सांगताना तुम्ही हसून हसून आडवे व्हायचे. सुमी लहानपणी म्हणायची, "बाबा, जानसाहेब सांगा."

पण शनिवार संपला की तुम्ही थांबायचे. रविवारचं तुम्ही तिला कधी सांगितलं नाही. रविवार माझ्याकडे आहे.

मामंजींनी तुम्हाला सांगितलं होतं, पाहुण्यांना असदगड दाखवा, राजेश्वराला नेऊन आणा आणि दुपारी माझ्या दोस्ताच्या मळ्यात जेवा. तो दोस्त म्हणजे माझे बाबा. आमचा मळा मोर्णेपलीकडे. झेंडू, गुलाब, वांगी, सांभाराच्या, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या, जुड्या, असं रोज सकाळी गाडीत भरून बाजारात जायचं. नदीवर पूल नव्हता, दगडी फरशी होती, तीही गुडघाभर पाण्यात बुडणारी. तुम्ही तिघं तुमच्या ट्रंकांसकट बैलगाडीनं ती फरशी ओलांडून आलात. ओसरीवर पाय ठेवलात आणि समोर मामंजी बसलेले, शेजारी दादा, दादांच्या डोक्यावर जरीचा पटका आणि मध्ये ताटात नारळ. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमचा चेहरा पाहिला, सुपारीचं तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, लाजही वाटली. नवरदेव आपल्याला बघून खूश होईल असं वाटलेलं, आणि तुम्ही तर ट्रंकेकडे बघत होतात.

जेवणं होईस्तोवर फरशी बुडाली. गडी सांगत आला, "नदी आली बापा, उद्यापर्यंत काई उतरत नाई." मामंजी खुशीत म्हणाले, "देवाच्याच मनात हाय!" घोषबाबूंना वाटलं, पाहुणचार म्हणतात तो हा. जानसाहेब धोतर नेसायला शिकत होता माझ्या बाबांकडून. तुम्ही एकटे ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होतात. पुढे नदी, मागे बाप. जाता कुठे?

आमच्या घरची एक रीत होती. सुपारी फोडायच्या आधी ती पोरीच्या तळहातावर ठेवायची. पोरीनं ती आपल्या हातानं मामाला द्यायची, मग मामा फोडणार. पोरीनं दिली नाही तर फोडायची नाही. माझ्या आत्यानं वाढता वाढता हे तुम्हाला हसत हसत सांगितलं. वर म्हणाली, "पण आजवर कोण्याच पोरीनं ठेवून नाई घेतली हो!"

संध्याकाळी मी फुलांच्या छपरीत होते. पूर आला म्हणून काय झालं, झेंडू तोडलेला होता, तो पसरून ठेवला नाही तर सडला असता. तुम्ही हात धुवायच्या निमित्तानं मागे आलात. माझ्याकडे न बघता, खांबाकडे बघत बोललात. तुमचं ते विलायती मराठी कुठल्या कुठे गेलं होतं.

"उद्या सुपारी तुमच्या हातात ठेवतीन. मूठ झाकून घ्या. बस. एवढंच करा."

मी म्हटलं, "आन् मंग?"

"मंग काई नाई. सुपारी फुटली का लग्नापर्यंत बाबा मले वेशीबाहेर जाऊ देत नाई. माझं एक वरीस रायलं हाय हो. तुमाले दुसरं चांगलं ठिकाण भेटंन."

"तुमीच काहून नाई म्हणत?"

तुम्ही खांबाची ढलपी नखानं सोलायला लागलात. मग म्हणालात, "बाबांसमोर माझ्या तोंडातून शब्दच निघत नाई."

आणि गेलात.

आता ऐका. आमच्या घरात महिनाभर आणखी एक नाव चाललेलं होतं, ते तुम्हाला माहीत नव्हतं. अंजनगावचा एक बिजवर. पानमळे, दोन मजली घर, तीन पोरं. थोरली पोरगी माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. बाबा आईला म्हणाले होते, अमरावतीचं जमलं तर जमलं, नाहीतर दिवाळीआधी अंजनगाव. तुम्ही ज्याला 'दुसरं चांगलं ठिकाण' म्हणालात ना, ते हे होतं. तुमच्यापुढे नदी होती, ती दुसऱ्या दिवशी उतरणार होती. माझ्यापुढचा बिजवर कशानं उतरला असता?

रात्रभर पाऊस होता. सकाळी पाट मांडले. माझ्या तळहातावर सुपारी ठेवली. आत्या मागून म्हणाली, "दे पोरी मामाले." मी वर बघितलं. तुम्ही माझ्या हाताकडे बघत होतात. एवढं आर्जवानं माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं, पुढेही नाही बघितलं. आणि मी सुपारी मामाला दिली.

मामानं दगड मारला, सुपारी फुटली, आणि तुमच्या जानसाहेबानं आनंदानं टाळ्या वाजवल्या. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! घोषबाबूंना कळलं असावं. ते चष्मा पुसत बसले.

सोमवारी दुपारी पाणी उतरलं. गाडी जुंपली. तीन ट्रंका गाडीत चढल्या आणि मामंजींनी गड्याला खूण केली, तशी एक खाली उतरली. तुम्ही काठावर उभे राहिलात. घोषबाबू पलीकडे जाईपर्यंत मागे वळून बघत होते. दोस्त गेले, गाडी दिसेनाशी झाली, तरी तुम्ही उभेच. माझ्या बाबांनी छत्री धरली तुमच्या डोक्यावर, पाऊस नव्हता तरी.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तुम्ही मला विचारलंत, "का दिलीस?" ओरडून नाही, साधंच विचारलंत. आणि मी म्हटलं, "भेली मी. सगळे पाहून रायले होते." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. म्हणालात, "लहान होतीस. जाऊ दे."

अहो, मी नव्हते हो भ्याले. हेच ते खोटं. माझा हात कापलासुद्धा नाही. मला पुरतं ठाऊक होतं की मी काय करते आहे, कोणाचं मोडते आहे आणि कशासाठी. मी सतरा वर्षांची होते, पण लहान नव्हते. दोघांपैकी एकजण अडकणार होतं, आणि मी म्हटलं, मी नाही. अडकलो दोघंही, ते वेगळं.

सांगितलं का नाही? आधी वाटलं, बिजवराचं ऐकलं तर तुम्ही माझी कीव कराल. मला नवरा हवा होता, कीव नको होती. मग वर्षं गेली आणि तुमच्या माफीचीच सवय लागली. पाहुण्यांत तुम्ही म्हणायचे, "हिचा काही दोष नाही, पोर होती, घाबरली." मी चहाचे कप उचलून आत जायची. फुकटची माफी वीस वर्षं खाल्ली मी, आणि दरवेळी घशात अडकली. चोर पकडला गेला तर निदान सुटतो तरी कधीतरी.

बरं, तुम्हीही काही कमी नव्हता! मामंजी म्हणाले, लग्न होऊ दे मग जा. लग्न झालं तर म्हणाले, पेरणी होऊ दे. पेरणी झाली तर त्यांना खरंच लकवा झाला आणि तुमची ट्रंक माळ्यावर गेली. मी सांगत होते, "जा तुमी, मी पाहतो मामंजींचं." मी म्हणाले होते की नाही? एकदा नाही, तीनदा म्हणाले. तुम्ही 'पाहू' म्हणालात. सुमीला मी काल जे म्हटलं तेच. मग दर पावसाळ्यात तुम्ही दारात उभे राहायचे, ना आत ना बाहेर. कोणी 'या ना आत' म्हटलं तर दचकायचे. घर मोठं होतं, सोपा मोठा होता, आणि मला वाटायचं आपण दोघं अजून त्या ओसरीवरच आहोत, नदी काही उतरलेलीच नाही.

एकदाच तुम्ही मला लागेल असं बोललात. घोषबाबूंचं पत्र आलं होतं, कुठल्याशा मोठ्या धरणावर साहेब झाल्याचं. तुम्ही पत्र घडी करत म्हणालात, "तुझ्या मुठीत होतं माझं सगळं. तू देऊन टाकलं." मी हातातलं पीठ परातीत टाकून उठले. म्हटलं, "आन् तुमच्या तोंडाले काय कुलूप होतं? तेवीस वरसाचा गडी, विलायत पाहून आलेला, आन् सतरा वरसाच्या पोरीले सांगते का बापाशी तू भांड म्हणून! लाज नाई वाटली?" तुमचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही काहीतरी बोलणार होतात. तेवढ्यात दादा आले, कापसाच्या भावाचं काढून बसले, आणि ते भांडण तसंच राहिलं. तुम्ही काय बोलणार होतात? मी पुष्कळ दिवस वाट पाहिली. मग माझंही राहूनच गेलं.

तुमच्यासारखा माणूस मला दुसरा मिळाला नसता, हेही लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं हिला नुसती कटकट. सुमी झाली तेव्हा मुलगी म्हणून घर गप्प होतं. तुम्ही बाजारातून पेढे आणून पूर्ण गल्लीला वाटलेत. तिला देवी आल्या तेव्हा एकवीस दिवस तुम्ही तिच्या उशाशी, कोणी म्हटलं बायकांचं काम आहे तर ऐकून घेतलं नाही. मला भूगोल शिकवलात. एडिंबरा कुठे ते मी नकाशावर डोळे मिटून दाखवू शकते. दोष दिला असतात, टाकून बोलला असतात, तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही चांगलं वागून मला पुरतं अडकवलंत.

उजेड गेला. उरलेलं उद्या.

*

झालं. आता घर शांत आहे, म्हणजे आदळआपट थांबली आहे. दुपारचे चार वाजले असतील.

सकाळी जाऊबाईंकरवी दादांना निरोप पाठवला होता. माझ्या माहेरची रीत आहे, सुपारी आधी पोरीच्या हातावर ठेवावी, एवढी माझी हौस करा. दादा म्हणाले, "ठेवा बापा, काय बिघडते." त्यांनाही मन आहे हो. फक्त तुमच्या मागे आपण घर सांभाळतो म्हणजे सगळ्यांचं ठरवायचं, असं त्यांना वाटतं.

मग सुमीची वेणी घालायला घेतली. तिची पाठ माझ्याकडे होती म्हणून बोलता आलं. सगळं सांगितलं. रविवार सांगितला, छपरी सांगितली, अंजनगाव सांगितलं. तुमच्याशी खोटं बोलले तेही सांगितलं. तिनं मांडीवरची रिबीन बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "बाबांले माहीत होतं का?"

म्हटलं, "नाई."

"सांगाले पायजे होतं तू."

"हो वं माय. पायजे होतं."

मी वेणीला गाठ मारली. म्हटलं, "सुपारी द्यायची असंन तर दे. पोरगा वाईट नाई म्हणतात. पण भिऊन दिली असं मले मंग सांगू नको. मी ते आयकून घेणार नाई."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. तुमचेच डोळे.

दर्यापूरची मंडळी अकराला आली, आणि सुमीचा मामा म्हणून माझा भाऊही बैठकीत बसला. मी विधवा, शुभकार्यात पुढे यायचं नाही, म्हणून दाराआड उभी होते. फटीतून सुमीचा हात तेवढा दिसत होता. दादांनी सुपारी ठेवली. म्हणाले, "दे पोरी मामाले."

हात पसरलेला होता. आणि मग एकेक बोट मिटत गेलं. करंगळी, तिच्याजवळचं, मधलं, तर्जनी, आणि शेवटी अंगठा वरून.

"सुमे, दे," दादा म्हणाले.

"नाई देत मोठे बाबा. मले नागपूरले जायचं हाय."

आवाज कापत होता तिचा, पण शब्द पुरे निघाले. तुमचे निघाले नव्हते, माझे मी काढले नव्हते. दर्यापूरचे म्हातारे पाहुणे शहाणे निघाले. त्यांनी टोपी नीट केली, सुमीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरीच्या मनात नाई तं काहून ओढता? चला बापा." चहासुद्धा पिऊन गेले.

मंडळी फाटकाबाहेर गेली आणि दादा आत वळले. संताप नुसता. भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे हात करून ओरडले, "याले जाऊन महिना नाई झाला, आन् भर बैठकीत ही थेरं! कोणं शिकवलं हिले हे? कोणं?"

जाऊबाई माझ्याकडे बघू लागल्या. दादांसमोर मी आजवर एक शब्द सरळ बोललेली नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पदर सारखा केला आणि दाराबाहेर आले.

"तिच्या बापानं," मी म्हटलं.